नाकापर्यंतचा फोटो
नातवंडांनो, परवा तुम्ही पाठवलेला फोटो माझ्या फोनवर उघडेना, तेव्हा केजच्या इंटरनेट कॅफेतली एक सकाळ आठवली. तुमच्या आईचा आम्ही लग्नासाठी पाठवलेला फोटो अमेरिकेतल्या मुलाकडे उघडत नव्हता, आणि त्याची आई दुसऱ्याच दिवशी दुसरं स्थळ बघायला निघणार होती. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरलेल्या त्या खोलीत कॅफेवाल्याने फोटो एका वेबसाइटवर चढवला. तिथे तो दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून मिळायचा. मुलगा पडद्यातून बघणार असं समजून माझ्या नणंदेने तुमच्या आईला शालू नेसवूनच आणलं होतं. "पदर नीट घे पोरी, तिकडून बघायलेत," ती म्हणाली. बदललेला फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरू लागला, कपाळ, कुंकू, डोळे, नाक, आणि तिथेच टेलिफोनची लाइन तुटली. खालचा भाग नुसता करडा राहिला. लाइन आल्यावर कॅफेवाला म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." "कावून? नाक सरळ हाय, दिसतंय की," नणंद म्हणाली. "तेवढंच धाडा, बाकीचं घरी येऊन बघा म्हणावं." तिच्यापुढे कोणाचं चालणार? तेवढंच गेलं. संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला, "हनुवटी बघायला कधी येऊ?" अजूनही तुमचा फोटो आला की मी आधी हनुवटी बघते.