दावा लावणाऱ्याची कुत्री

डॉ. रेवणअप्पा कोनाळे यांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी माझं पशुवैद्यकीचं प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. "तुम्हाला इथं कुणी पाठवलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी माढ्याचा, नुकताच पदवी घेऊन नोकरीसाठी सोलापूरला आलेला. कुणीच पाठवलं नाही म्हटल्यावर मी कुणाकडे उतरलो, त्या घरात कोर्टात नोकरी करणारं कुणी आहे का, हेही त्यांनी विचारून घेतलं. बाहेर आलो तेव्हा कंपाउंडर इस्माईलचाचा हळूच म्हणाले, "बुरा नक्को मानो. डाक्टरसाब पे केस है."

डॉक्टरांच्या एकसष्टीच्या अंकात त्या केसबद्दल लिहू का, असं मी त्यांनाच विचारलं. "लिहा. पण माझी बाजू घेऊन लिहू नका," असं ते म्हणाले. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

निवृत्त मामलेदार गरडसाहेब यांचा टायगर हा अल्सेशियन कुत्रा डॉक्टरांच्या टेबलावर, भुलीतच गेला होता. गरडसाहेबांनी निष्काळजीपणाचा दावा लावला. त्या दिवसाबद्दल कुणाशी अवाक्षर काढायचं नाही, असं वकिलांनी डॉक्टरांना बजावलं होतं.

मी रुजू झालो तेव्हा दवाखान्यात आधी कागद, मग जनावर, अशी रीत होती. मालकाची सही, खाली चाचांची साक्ष. मग मालकानं बाहेर बसायचं आणि आतून कडी. "बरं होईल ना?" असं कुणी विचारलं तर डॉक्टर गप्प राहत. 'होईल' म्हटलेलं उद्या कोर्टात ऐकावं लागेल, असं ते मला सांगत. मालकही बिथरले होते. शहराच्या पूर्व भागातल्या एक विणकर बाई आजारी मांजर घेऊन आल्या होत्या. अंगठा मागताच त्या म्हणाल्या, "औषधाला अंगठा कशाला? मारणार हाय काय?" मांजर पदराखाली घेऊन त्या निघून गेल्या. डॉक्टर खिडकीतून बघत राहिले, पण त्यांनी मला हाक मारू दिली नाही. कडी लावणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं त्या दिवसांत मलाही वाटे.

दाव्याला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी एक वयस्क बाई चादरीत गुंडाळलेली कुत्री घेऊन आल्या. कुत्रीचं पोट टम्म फुगलेलं होतं. "मी गरडांच्या घरातली," त्या म्हणाल्या. "हे बाहेर टांग्यात बसल्यात. आत येत न्हाईत. पण माझ्या राणीला बघा की, डॉक्टर."

गर्भाशयात पू झाला होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली नसती तर ती वाचत नव्हती. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "साहेब, हा डाव असेल. ही पण गेली तर दुसरा दावा."

डॉक्टर बाहेर टांग्यापाशी गेले. गरडसाहेब ताठ बसले होते.

"कुठं सही करू?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या सहीवर माझा भरवसा नाही," डॉक्टर म्हणाले. "आत या. तिचं डोकं तुम्ही धरा."

गरडसाहेब उतरले. भूल दिली, पोट उघडलं आणि अर्ध्यावर राणीचा श्वास थांबला. डॉक्टर दोन्ही हातांनी तिची छाती दाबू लागले. घाम त्यांच्या चष्म्यावर टपकत होता. गरडसाहेबांनी तिचं डोकं सोडलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग राणीनं एक लांब श्वास घेतला, आणि पुन्हा एक.

टाके घालून झाल्यावर गरडसाहेबांनी विचारलं, "टायगरचंही असंच झालं होतं?"

मी डॉक्टरांची बाही ओढली. त्यांनी माझा हात सोडवला.

"असंच. पाऊण तास छाती दाबली. तो नाही आला. मग तुम्हाला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. चाचांना पुढं पाठवलं आणि मी मागच्या दारानं घरी गेलो."

"मी बाहेर बाकावर बसून होतो. वाटलं, चूक केल्याशिवाय माणूस पळत नाही."

"पळालो, ते खरं. औषध मात्र बरोबरच दिलं होतं."

गरडसाहेबांनी खिशातून छोटी वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि राणीला घेऊन गेले. वकील डॉक्टरांवर भडकले. पुढच्या तारखेपर्यंत आम्ही सगळे एकच गोष्ट धरून बसलो होतो, की ही कबुली कोर्टात वाचली जाणार. मला तर साक्षीला बोलावतील अशीच खात्री होती. डॉक्टरांचं जेवण सुटलं होतं, पण बोललो ते चुकलं असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

तारखेला गरडसाहेब उभे राहिले आणि दावा पुढं चालवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेर पायऱ्यांवर ते डॉक्टरांना म्हणाले, "त्याच दिवशी पाच मिनिटं बाहेर आला असता, तर एवढं झालं नसतं."

पुढच्या सोमवारी डॉक्टर मला घेऊन विणकर वस्तीत त्या बाईंचं घर शोधत फिरले. मांजर गेलं होतं. डॉक्टरांनी दारात उभं राहून क्षमा मागितली. बाईंनी बसायला सांगितलं नाही. नुसतं ऐकून घेतलं.

आजही दवाखान्यात कागद आहे, पण त्याआधी डॉक्टर मालकाला शेजारी बसवून काय बिघडू शकतं ते सगळं सांगतात. नव्या मालकाकडे ते अजूनही चष्म्यावरून क्षणभर निरखून बघतात, हे मी नाकारणार नाही. पण जनावर दगावलं, तर ती बातमी सांगायला ते स्वतः बाहेर येतात. डॉक्टरांना उदंड आयुष्य मिळो, त्यांचा रक्तदाब आटोक्यात राहो, आणि अशा बातम्या घेऊन त्यांना फार कमी वेळा बाहेर यावं लागो.