सेव्ह मी करते

शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातातला माऊस काढून घेणं, असा माझा काही वर्षं प्रामाणिक समज होता. कबूल करते.

कोथरूडात तेव्हा दर दोन इमारतींआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. त्यातल्याच एकात मी सहा महिन्यांचा कोर्स केला आणि सातव्या महिन्यात तिथेच ‘मॅडम’ झाले. कडक इस्त्रीची साडी आणि गळ्यात ओळखपत्र. ते मी मंडईत जातानाही काढत नसे; भाजीवालीला माझं शिक्षण कळायला नको?

सकाळच्या बॅचला एक टायपिस्ट बाई यायच्या. हडपसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या. तिथले टाइपरायटर आता जाणार होते, आणि कॉम्प्युटरवर परीक्षा घेऊन तिघी टायपिस्टांतली एकच ठेवणार होते. नवरा अंथरुणाला खिळलेला. घर बाईंच्याच जिवावर. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला अहो-जाहो करायच्या. मी त्यांना ‘काकू’ म्हणून बालवाडीतल्या पोरीसारखं समजवायचे.

टायपिंग असं, की मी नुसती बघत राहायचे. पण माऊस धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडे पळायचा. दाराशी पुढची बॅच चपला काढून ताटकळत असायची. मग मी म्हणायचे, “सरका काकू, सेव्ह मी करते.” प्रिंटही मीच काढायचे.

“एकदा मला करू द्या ना, मॅडम.”

“उद्या.”

तो उद्या तीन महिन्यांत उजाडला नाही. आमच्या शेवटच्या परीक्षेतही मीच वाकून सेव्ह केलं. त्यांना पहिला वर्ग मिळाला. अख्खी बॅच पास झाली म्हणून क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मी ते निर्लज्जपणे घेतलं.

महिन्याभराने त्या पुन्हा दारात.

“काय काकू, पेढे कुठेत?”

“घरी बसवलं मला.”

“असं कसं? तुम्हाला तर पहिला वर्ग आहे.” इतकी मी हुशार.

त्यांनी आमचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं, नीट सरळ केलं. आवाज जराही चढवला नाही.

“टाइप माझंच सगळ्यांच्या आधी झालं होतं, मॅडम. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वाटलं, आता कोणीतरी येईल सेव्ह करायला.”