एका चालीची डबलबारी

माझे सासरे व्हिजिट व्हिसावर अमिरातीत, अल ऐनला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या सामानात बाजाची पेटी होती. कपडे कमी होते. कोकणातल्या भजनी मंडळांत ते बुवा म्हणून ओळखले जातात. पूर्वी बरीच वर्षे ते दुबईच्या जबल अली बंदरात होते; क्रेनला माल बांधून द्यायचे काम. तिथल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये त्यांनी एक गजर रचला होता. परदेशात अडकलेला माणूस देवाला परतीची वाट विचारतो, एवढाच त्याचा आशय. कॅम्पमधली कोकणी मुले तो सुट्टीच्या दिवशी अजून म्हणतात.

दुबईतल्या एका मराठी मंडळाने यंदा स्वरचित गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. बुवांनी नाव दिले. या देशात त्यांनी खोलीत, गच्चीवर, कंपनीच्या बसमध्ये गायले होते. स्टेजवर कधीच नाही. व्हिसा कार्यक्रमानंतर लगेच संपत होता आणि पुन्हा येण्याचे वय राहिले नव्हते. ही संधी एकदाचीच होती.

घरी सराव सुरू झाला. माझी मुलगी आतून आली.

"आजोबा, धिस इज अ कंट्री साँग!"

तिने फोनवर लावले. अमेरिकन खेड्यातले जुने, संथ गाणे. खाणीत कामाला गेलेला माणूस घराकडची विहीर आठवतो. चाल तीच होती. फरक एकाच ठिकाणी होता. इंग्रजी गाण्यात शेवटची ओळ खाली उतरते, बुवांनी ती वर नेली होती.

बुवा पूर्ण गाणे ऐकून खूश झाले. "ह्याच ता! आमच्याबरोबर एक फिलिपिनो वेल्डर होतो. तेच्या टेपवर ह्या रोज वाजायचा. चाल उचललंय आणि गजर बांधलंय."

भजनाच्या जगात यात लपवण्यासारखे काही नसते. बुवा सिनेमाची चाल घेतात, त्यावर देवाचे शब्द बसवतात आणि मूळ गाणे कोणते हे अभिमानाने सांगतात. श्रोत्यांनी ते ओळखले नाही तर बुवांना वाईट वाटते. त्यामुळे पुढच्या रविवारी तालमीला जाताना बुवांनी नातीचा फोन मागून घेतला आणि मंडळाच्या कार्यवाहांना आधी इंग्रजी गाणे ऐकवले, मग आपला गजर.

कार्यवाह पुण्याचे, दुबईच्या देरा भागातल्या ट्रेडिंग कंपनीत मॅनेजर. त्यांनी शांतपणे ऐकले.

"काका, प्लीज डोन्ट माइंड, पण ही कॉपी आहे. कमिटीचा रूल क्लिअर आहे. ओरिजिनल पाहिजे. खलास."

बुवांचे नाव कार्यक्रमातून कमी झाले. घरी आल्यावर त्यांनी पेटीवर चादर टाकली.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बातमीचा उगम तपासणे हे तिथे शिकवलेले काम. मी गाण्याचा उगम शोधायला बसलो. मुलीच्या फोनवरचा गायक मूळ नव्हता. त्याच्या आधी एका बाईने तेच गाणे अधिक जलद गायले होते. तिच्या आधी दोन भावांची ध्वनिमुद्रिका होती. एका ठिकाणी संगीतकार म्हणून एक नाव, दुसऱ्या ठिकाणी वेगळे, तिसऱ्या ठिकाणी नुसते 'पारंपरिक'. सर्वांत मागे चर्चमधल्या एका प्रार्थनेची चाल सापडली. तिचा कर्ता अज्ञात होता. त्यामागे काही मिळाले नाही.

मी हे बुवांना सांगितले.

"म्हणजे पयला ता भजनच होता?"

"चर्चमधलं, पण हो."

"तेंनी भजनाचा गाणा केल्यानी. मी गाण्याचा परत भजन केलंय." त्यांनी चादर काढली. "चला जावयबापू, फोन लावा त्या पुणेकराक."

कार्यवाहांनी सगळे ऐकून घेतले. "इंटरेस्टिंग आहे. पण मग ओरिजिनल कुठलं?"

"कुठलंच सापडत नाही," मी म्हणालो.

"मग रूलमध्ये कसं बसवू, सांगा ना."

बुवांनी फोन माझ्या हातातून घेतला. "रूल राहू द्या. डबलबारी लावा. समोरचो बुवो बोलवा. तेना गायला की मी उत्तर देतंय. मगे ती चोरी नाय, जबाब."

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा समोरासमोरचा सामना; एकाने टाकलेले दुसऱ्याने उचलून परत करायचे. कार्यवाहांनी नियमाचा हट्ट सोडला. मग म्हणाले, "समोर कोण?"

समोरचा बुवा माझी पत्नी काम करते त्या हॉस्पिटलमध्ये होता. तिच्या वॉर्डमधली फिलिपिनो नर्स हे गाणे प्रत्येक वाढदिवसाला गाते. तिच्या गावात सगळे ते आपलेच मानतात. ती लगेच तयार झाली. एकच अट घातली: "माय स्केल, हां."

तिचा स्वर पेटीवरच्या काळी चारचा होता, बुवांच्या वयाला फार उंच. बुवांनी तो स्वर बऱ्याच वर्षांत लावला नव्हता. पत्नी म्हणाली, "बाबा, खालच्या पट्टीत घ्या. कोणी काही म्हणणार नाही."

"समोरचो बुवो म्हणात," ते म्हणाले.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. जबल अलीहून भजनी मुले मृदंग आणि झांजा घेऊन आली होती. मागच्या रांगा त्यांनीच भरल्या. नर्सने गिटारवर गाणे म्हटले. शेवटची ओळ खाली उतरली. तिच्या गिटारच्या तीन-तीन ठोक्यांवर मृदंगवाल्याने हलकेच सहा मात्रांचा दादरा धरला. तो तंतोतंत बसला. बुवांनी काळी चारमध्ये पेटी धरली आणि गजर उचलला.

पहिल्या कडव्यात आवाज दोनदा चिरला. मागून कोणी ओरडले, "बुवानू, सोडू नका!" शेवटची ओळ आली. बुवांनी डोळे मिटले, ती वर नेली आणि तिथे धरून ठेवली. आवाज स्वच्छ लागला. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, पाठोपाठ पुढच्याही. गजर तीन वेळा पुन्हा म्हणावा लागला. तिसऱ्या वेळी नर्स गिटार घेऊन त्यात शिरली. कार्यवाह स्टेजच्या कडेला झांज वाजवत होते. त्यांचा ठेका चुकत होता.

बुवा ठरल्या दिवशी गावी गेले. काही आठवड्यांनी वॉर्डमध्ये कोणाचा तरी वाढदिवस झाला. पत्नीने तिथून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. नर्स इंग्रजी शब्दांत तेच गाणे म्हणत होती. शेवटची ओळ आली आणि ती खाली उतरली नाही. बुवांसारखी वर गेली.

स्क्रीनवर बुवा खुर्चीतून अर्धे उठले. "चोरल्यान!" ते ओरडले. "अगो, माझी उचल चोरल्यान!"

मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना ऐकायला बोलावले.