कंपाउंडर काका आणि पांढरी शाई

कंपाउंडर काकांना आयुष्यात कुणी डॉक्टर म्हटलं नाही आणि काकांनीही आयुष्यात कुठल्या डॉक्टरला मानलं नाही. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी नोकरीभर बाटल्यांत औषधं भरली. निवृत्त झाल्यावर मात्र घरची सूनही त्यांच्या हातची डोकेदुखीची गोळी घेईना. मग ते शेजारच्या माझ्या दुकानात येऊन बसू लागले आणि न मागता गिऱ्हाइकांच्या जिभा तपासू लागले.

माझं दुकान टी-शर्ट छापण्याचं. नागपूरहून जुनी मशीन आणली होती. काळ्या कापडावर छापायला तिला पांढरी शाई लागे, आणि ती शाई म्हणजे घरचा जावई! जड, आणि दोन दिवस दुर्लक्ष झालं की रुसणारी.

एका मे महिन्यात ती रुसली. गावातल्या मुलींचा हॉकी संघ सोमवारी जबलपूरला निघणार होता. आजवर या मुली मुलांच्या संघाचे जुने टी-शर्ट घालून खेळल्या होत्या. या वेळी प्रथमच पाठीवर स्वतःचं नाव येणार होतं. शनिवारी छापायला घेतलं, तर ‘संगीता’मधलं ‘संगी’ कसंबसं उमटलं, पुढे नुसतं काळं कापड.

नागपूरच्या इंजिनिअरने फोनवरून चाचणीच्या रेघा छापायला लावल्या. कागदावर एकही रेघ दिसेना. “मॅडम, हेड गया,” त्याने निकाल दिला. हेड म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग; नवीन यायला पंधरा दिवस.

संघातली संगीता दारातच उभी होती. “जाऊ द्या ताई, जुनेच घालून जाऊ,” ती म्हणाली. तिला त्याची सवयच होती.

काकांनी तो कागद उचलला. “काहून वं पोरी, पांढऱ्या कागदावर पांढरी शाई पाहून राह्यली? आमचे मोठे साहेबबी असेच तपासत.”

ते घरी जाऊन काकूंच्या छातीचा जुना एक्स-रे घेऊन आले. काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या काळ्या फिल्मवर रेघा छापल्या. निम्म्या तुटक, निम्म्या धड. “जित्ती आहे,” काका म्हणाले. “मले मशीन समजत नाही, पण पातळ दवा समजते. खाली गाळ बसला. वरचं पानीच पाजून राह्यली तू तिले.”

मी शाईची बाटली घेऊन जोरजोरात हलवायला लागले, तशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. “फेस होते! मंग नळीत हवा भरते.” बाटली त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून कितीतरी वेळ सावकाश फिरवली. बिनसुईच्या सिरिंजने नळीतून चुन्यासारखा गाळ ओढला. हेडखाली मशीन धुवायच्या औषधात भिजवलेला कापूस ठेवला आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मी दर पाच मिनिटांनी उठत होते. “दवा देल्लीबरोबर नाडी नाही पाहाची,” ते डोळे न उघडता म्हणाले.

दोन तासांनी ‘संगीता’ पूर्ण उमटली. रविवारी संध्याकाळपर्यंत चौदाही नावं झाली. मुली पहिल्याच सामन्यात हरून परत आल्या. पण संघाचा फोटो त्यांनी पाठमोरा काढून घेतला.

त्यानंतर काका रोज सकाळी बाटली फिरवायला येत. दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर लिहीत : ‘रुग्ण – पांढरी. प्रवाह ठीक.’ वर्षभराने त्यांच्या मुलाची बदली रायपूरला झाली. सामान चढवताना मुलगा मला म्हणाला, “बाबांना इथे उगाच कामाला जुंपलं होतं तुम्ही. आता आराम करतील.” काका गाडीत जाऊन बसले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. जेवण, हवा, नातू, सगळ्यावर ‘हौ, ठीक आहे’ एवढंच. मग विचारलं, “मशीन कशी आहे वं?”

मशीन त्या दिवशी सुरेख चालत होती. फोनवर आवाज जाऊ नये म्हणून मी हाताने तिचं बटण बंद केलं आणि म्हणाले, “काका, पुन्हा अडकली हो. काही सुचत नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “घाबरू नको,” काका खणखणीत आवाजात म्हणाले. “कागद-पेन घे. मी सांगतो तसं लिही.”

अर्धा तास ते सांगत होते. मी सगळं लिहून घेतलं.