बुजवायची खिडकी

तिला घरात सगळे मुकादम म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं होतं, चिडवायला म्हणून. पण ते असं चपखल बसलं की माहेरच्यांनीही तेच उचललं आणि पुढेपुढे तिलाही त्याचा राग येईनासा झाला. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटायचं. शाळेच्या कार्यालयात वेळापत्रक लावायचं काम तिच्याकडे होतं. कुठल्या वर्गाला कुठला तास, कोण रजेवर, त्याच्या जागी कोण, हे सगळं तिच्या डोक्यात तयार असायचं. मोकळा तास तिला बघवत नसे. हिच्या हातात असतं तर हिने मधली सुट्टीसुद्धा कामाला लावली असती, असं शिक्षक तिच्यामागे म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

घराचंही तेच. लोक पाऊस डोक्यावर आला की गच्चीवर धावतात. हिची गच्ची उन्हाळा सरायच्या आत झाडून, भेगा भरून, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून तयार असायची. पावसाळा संपला की कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडायचं, थंडीत दारं-खिडक्यांना तेल आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना वंगण. नवरा स्वभावाने ऐसपैस. "अगं, घर आहे, आगबोट नाही," असं म्हणायचा आणि मुकाट्याने शिडी धरायला जायचा.

गेल्या पावसाळ्यात तिच्या बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज किती राहिली आहे ते नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. भाऊ दूरगावी नोकरीला. मुकादमने कुणाची वाट पाहिली नाही, बाबांना सरळ आपल्या घरी आणलं. रस्त्याकडची वरची खोली त्यांना दिली, पश्चिमेच्या खिडकीपाशी खुर्ची ठेवली. आणि केलं म्हणजे सगळं केलं. चादरी परीटघडीच्या, दाढी एक दिवसाआड, नखं कापलेली, औषधाची वेळ कधी मिनिटाने चुकली नाही. नातेवाईक येत आणि तोंड भरून कौतुक करत. बाबा खुर्चीत बसून समोर बघत असत. कुणी हाक मारली तर चेहऱ्यावर काहीही उमटायचं नाही. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, अर्ध्या बाजारावर ज्याचा हात फिरला होता, तो आता असा झाला, म्हणून लोक हळहळत आणि चहा पिऊन जात.

या वर्षी घराला बाहेरून रंग काढायचा होता. पावसाच्या आत उरकायचं म्हणून मुकादमने उन्हाळा लागतानाच रंगारी आणि गवंडी ठरवून टाकले. बांबूची परांची बांधून झाली. आणि रंगाच्या आधी एक काम होतं, जे तिच्या डोक्यात गेलं वर्षभर ठसठसत होतं. बाबांच्या खोलीतली पश्चिमेची ती खिडकी. पावसाची झड नेमकी तिच्यावर यायची, खालची भिंत ओल धरायची, दर वर्षी रंगाचे पोपडे सुटायचे.

"वर छज्जा काढून देतो ताई," गवंडी म्हणाला. "झड अडेल."

"छज्जा नको आणि कटकट नको. बुजवूनच टाका. खोलीला मागे दुसरी खिडकी आहे."

मागची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. हात बाहेर काढला तर त्या भिंतीला लागायचा. गवंड्याने खुर्चीकडे पाहिलं. "आणि काका?"

"बाबांना काय, ही खिडकी काय नि ती काय," मुकादम म्हणाली. मग वाकून, जरा आवाज चढवून, "बाबा, तुम्हाला मागच्या खिडकीपाशी बसवणार आहे हं. चालेल ना? चालेल." आणि वळून ती रंगाऱ्याकडच्या नमुन्यांत डोकं घालून बसलीसुद्धा.

बदामी घ्यावा की राखाडी, यावर गाडी अडली. रंगाऱ्याने बाहेरच्या भिंतीवर दोन्हींचे पट्टे मारून ठेवले होते. "ताई, रंग असा नाकाला लावून ठरवत नाहीत," तो म्हणाला. "रस्त्यावरनं बघाल तर डोळ्यांत ऊन येईल. समोर टेलरबाईंकडे वर जा आणि तिथनं बघा. घर लोकांना कसं दिसतं ते कळेल."

हे तिला पटलं. जाता जाता गवंड्याला हुकूम सोडला, "मी येईपर्यंत विटा वर आणा, खुर्ची हलवा आणि कामाला लागा. दिवस वाया घालवू नका."

टेलरबाईंचं दुकान समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर होतं. मुकादमचे कपडे वर्षानुवर्षं तिथेच शिवले जायचे, पण ती जिना कधी चढली नव्हती. मापाचा जुना ड्रेस पाठवून द्यायचा, शिवलेला मागवून घ्यायचा. गप्पा मारायला वेळ कुणाला आहे? आज चढली. दारातच कापडाच्या चिंध्या, खडूचे तुकडे, दोऱ्यांची रिळं. मशीन खिडकीला लागून होतं आणि टेलरबाई खिडकीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हात वर, एका हातात पिवळी लेस, दुसऱ्यात तांबडी.

"जरा थांबा हं, ताई," मागे न वळता त्या म्हणाल्या. "उत्तर येतंय."

कुणाचं उत्तर, काही कळेना. मुकादम त्यांच्या खांद्यावरून आपल्या घराकडे बघू लागली. बदामी पट्टा चांगला दिसत होता. राखाडी मळकट वाटत होता. चला, ठरलं, असं म्हणून ती वळणार, तेवढ्यात तिची नजर दोन पट्ट्यांच्या मधल्या खिडकीवर गेली आणि तिथेच खिळली.

बाबा खुर्चीत पुढे झुकले होते. डोळे बारीक केले होते, पाटीवरचं शेवटचं अक्षर काढताना करायचे तसे. आणि त्यांचा डावा हात खिडकीच्या कट्ट्यावरून वर येत होता. इतका सावकाश, की आधी तिला तो भास वाटला. हात उठला, थरथरला, थोडा खाली गेला, पुन्हा उठला. मग त्यातून दोन बोटं उभी राहिली.

"तांबडी!" टेलरबाई मोठ्याने म्हणाल्या. "मी पिवळी लावणार होते बघा. पहिलं असेल तर एक, दुसरं असेल तर दोन, असं ठरलंय आमचं. आणि हो-नाहीचं असेल तर हो म्हणजे एक."

मुकादम खिडकीच्या आणखी जवळ सरकली. कशीबशी म्हणाली, "बाबांना… त्यांना कळतं?"

"कळतं म्हणजे? रंगाचा असा डोळा मी जन्मात पाहिला नाही! तुमच्या त्या हिरव्या ड्रेसची किनार कुणी निवडली? काकांनीच की."

त्या ड्रेसचं शाळेत जिने-तिने कौतुक केलं होतं. मुकादम मशीनच्या स्टुलावर टेकली.

"किती दिवस चाललंय हे?"

"झाले की बरेच महिने. एकदा मी अशीच दोन लेसा उजेडात धरून उभी होते. माझं काही ठरेना, म्हणून खूप वेळ उभी राहिले. बघते तर समोर काकांचं बोट वर! मला वाटलं, हात आपला हलला असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम धरून बघितल्या. त्यांना वेळ लागतो हो, दुसरं काही नाही. बोट उचलायला जीव गोळा करावा लागतो. आपण विचारायचं आणि थांबायचं."

"तुम्ही मला हे कधी का सांगितलं नाही?" मुकादम जवळजवळ ओरडलीच.

टेलरबाईंचे हात खाली आले. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मी काय सांगणार? मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल. तुमचेच वडील ना?"

मुकादमला आठवलं, आपण रोज सकाळी खोलीत शिरतो, "बरं वाटतंय ना बाबा? छान," म्हणतो आणि चादर ओढून बाहेर. इतक्या महिन्यांत तिने बाबांना शेकडो प्रश्न विचारले असतील. एकाचंही उत्तर यायला तिने जागा ठेवली नव्हती. बोट निम्म्यावर येईपर्यंत ही जिना उतरलेली असायची. आणि मग तिला ते आठवलं, जे आठवायला नको होतं. भावाचा फोन आला होता. ती बाबांची नखं कापत होती, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, बाबांचा हात हिच्या हातात. आणि ती म्हणाली होती, "अरे, बाबा केव्हाच गेले. हे खुर्चीत बसलंय ना, त्याची आपण नुसती देखभाल करतोय, घराची करतो तशी." असं एकदाच बोलली असती तर एक वेळ गोष्ट वेगळी. पण अजून किती काळ ओढायचं, हेही ती तिथेच उभी राहून बोलली होती. नवऱ्याशी बोलली होती, मावशीशी बोलली होती.

तिने पुन्हा समोरच्या खिडकीकडे पाहिलं. बाबांनी आता तिला पाहिलं होतं. टेलरबाईंच्या मागे बसलेली आपली मुलगी त्यांना दिसली, आणि चेहऱ्यावरची ती जिवंत कळा हळूहळू उतरत गेली. बोटं मिटली. हात कट्ट्यावर पडला.

"तुम्हाला बघून बिचकले," टेलरबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात बाबांच्या मागे गवंडी आला. विटांची पाटी त्याने खाली ठेवली, हात झटकले आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. हुकूम होता, तो बजावत होता. खुर्ची मागे सरकायला लागली. बाबांच्या डाव्या हाताने खिडकीचा गज धरला. खुर्ची सरकत होती आणि हात गज सोडत नव्हता. खांदा ताणला गेला. गवंड्याचं लक्ष खुर्चीच्या पायांकडे होतं, त्याला काही दिसलं नाही.

"थांबा!" मुकादम खिडकीतून किंचाळली. "अहो, थांबा! सोडा ती खुर्ची!"

रस्त्यावरची माणसं माना वर करून बघायला लागली. परांचीवरच्या रंगाऱ्याच्या हातून ब्रश निसटून खाली पडला. एरवी चारचौघांत आवाज न चढवणारी बाई. पण आज तिला कशाची शुद्ध नव्हती. पायात चपला न घालता ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि आपला जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली.

गवंडी गोंधळून उभा होता. "ताई, तुम्हीच तर म्हणालात…"

"हो. मीच म्हणाले." तिला दम लागला होता. खिडकी बुजवायची नाही, छज्जा काढा, असं तिच्या जिभेवर आलं होतं. सवयच ती! तिने ओठ आवळले आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली. बाबांचा हात अजून गजावर होता.

"बाबा, ही खिडकी राहू दे की बुजवू? राहू दे असेल तर एक. बुजवायची असेल तर दोन."

आणि ती थांबली.

बाबांचा चेहरा तसाच कोरा होता. खालून नवऱ्याने हाक मारली, "अगं, काय झालं ओरडायला?" ती बाबांच्या हाताकडेच बघत राहिली. गवंडी या पायावरून त्या पायावर होत होता. काहीच घडत नव्हतं. टेलरबाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल, आपणही उगाच, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्या विचाराने क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. उठावं, बोलावं, काहीतरी करावं म्हणून अंग शिवशिवत होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यात इतका वेळ असं मोकळं कधी कुणी तिला बसवलं नव्हतं.

गजावरची पकड सैल झाली. हात सुटला, मांडीवर आला, तिथून उठला, थरथरत हवेत राहिला. आणि एक बोट उभं राहिलं.

गवंड्याने वाकून विटांची पाटी उचलली आणि जिना उतरून गेला.

मुकादम रडत होती. रडताना नाक पुसायचंही तिला सुचत नव्हतं. खोलीत आता दोघंच होती. पुढचा प्रश्न विचारू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. पण बाबा तिच्याकडे बघत होते. कोरेपणा कुठल्या कुठे गेला होता, ते नीट, तिच्याकडेच बघत होते, आणि आता नजर चुकवणं तिला शक्य नव्हतं.

"बाबा, इथे या खोलीत उभं राहून मी जे बोलत होते… फोनवर… दादाशी… ते सगळं तुम्हाला…"

या वेळी तिला थांबावं लागलं नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच बोट वर आलं होतं.