पेंढ्याचं वासरू

लोणावळ्याच्या स्टेशनवर पार्सल कारकून म्हणून माझी बदली झाली तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि दम्याने पार जेरीला आलो होतो. घाटमाथ्याच्या पावसात हा माणूस टिकायचा नाही, असं बायकोला वाटे. ती तसं बोलत नसे. माझं अंथरूण मात्र रोज खिडकीपासून थोडं आत ओढी.

कुणीतरी सुचवलं म्हणून मी एका बंगल्याच्या पडवीत योग शिकवणाऱ्या गुरुजींकडे जाऊ लागलो. साठीचे, सडसडीत, मोजकं बोलणारे. पहिले दोन महिने त्यांनी मला एकही आसन शिकवलं नाही. "श्वास येताना नुसता बघा," म्हणाले, "ओढू नका." पथ्य मात्र कडक होतं: मांस-मासे बंद, तिखट बंद, आणि दोन्ही वेळा गाईचं ताजं दूध.

दमा उतरू लागला. पण त्याबरोबर भलतंच काही सुरू झालं. मला जनावरांचे श्वास दिसू लागले. पार्सल ऑफिसात मुंबईला जाणाऱ्या कोंबड्यांच्या पाट्या येत. इतकी वर्षं मी त्यांच्यावर निमूट चिठ्ठ्या डकवत आलो होतो. आता उघड्या चोचींनी धापा टाकणाऱ्या त्या कोंबड्या पाहिल्या की माझीच छाती भरून येई. दमेकऱ्याला दुसऱ्याची धाप लगेच ओळखू येते. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "योगाच्या पाच यमांत अहिंसा पहिली सांगितली आहे. तुम्हाला ती उशिरा भेटली, एवढंच." भेटली म्हणजे आता काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या दुधाचा रतीब भुशीच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होता. सगळे त्यांना आबा म्हणत. एकदा दोन दिवस ते आले नाहीत म्हणून मीच चरवी घेऊन गेलो. आबा धार काढत होते आणि गाय पुढ्यातल्या वासराला चाटत होती. वासरू हलत नव्हतं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, ते नुसतं कातडं होतं. आत पेंढा भरलेला, डोळ्यांच्या जागी शिवण.

"आठ दिस झालं, आजारानं गेलं ते," आबा म्हणाले. "ह्ये म्होरं ठिवलं न्हाई तर पान्हा सोडत न्हाई ती."

"तिला कळत नाही?"

"कुनाला ठावं? चाटती खरी."

मी रिकामी चरवी घेऊन परतलो आणि पाहिलं ते घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, वासरू त्यांनी मारलं का?"

"नाही."

"मग?"

मी चरवी फळीवर पालथी घातली. त्या दिवसापासून दूध बंद केलं. तिनेही केलं, न पटता.

पंधरा-वीस दिवसांनी आबा आले आणि पायरीवर उकिडवे बसले. "बाबू, आमचं काय चुकलं का?"

"नाही आबा, तुमचं काही चुकलं नाही."

"मग गाईचं चुकलं आसंल. तुमचा एकच रतीब हुता, त्यो तुटला, धार काढायची सोडली, ती आटली. आता बाजारात न्यायची."

"बाजारात तिला कोण घेणार?"

"भाकड गाय कोन घेतंय, तुमाला ठावं हाय," म्हणाले आणि उठले.

मी तसाच गुरुजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दूध सोडा, असं मी म्हटलं नव्हतं. प्या, असंही आता म्हणवत नाही." वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चला, गाय दाखवा." गोठ्यात ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. परतताना एवढंच बोलले, "मला श्वासाचं थोडं कळतं. यातलं कळत नाही." मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला.

मी आबांना गळ घातली: गाय ठेवा, दर रविवारी गवत मी कापीन. माझी विळा धरायची तऱ्हा पाहून ते पोट धरून हसले, पण गाय राहिली. पुढच्या वर्षी ती व्याली. गोऱ्हा झाला. काही दिवसांनी आबा स्वतः दूध घेऊन आले. "वासराचं पोट भरल्यावर काडलंय. आता तरी घ्या." मी प्यालो. गोड लागलं, आणि गोड लागलं याचीच लाज वाटली.

गोऱ्हा माझ्या हातून गवत खात मोठा झाला. दोन-अडीच वर्षांनी एका सकाळी आबा दारात उभे. "आज गोऱ्ह्याचं नाक टोचून येसन घालायची. डोकं धराया तुमी या. दुसऱ्या कुनाला जवळ येऊ देत न्हाई."

"मी? आबा, मला नाही जमायचं."

"तुमी न्हाई आला तर चौघांनी पाडून बांधावं लागंल. तुमच्या हाताखाली उभ्या उभ्या हुईल."

मी गेलो. त्याने ओळखीने माझ्या बगलेत तोंड घातलं. टोच आरपार गेली तेव्हा मान झटकली नाही, उलट आणखी आत घुसवली. आबा म्हणाले, "बघा, लय तरास न्हाई झाला."

घरी येऊन हात धुतले. बायकोने विचारलं, "लागलं का त्याला?"

"लागलं."

"मग तुम्ही का गेलात?"

कमी लागावं म्हणून, असं सांगणार होतो. पण तो माझ्यावर विसंबून उभा राहिला होता, हे आठवलं. ती टॉवेल घेऊन उभी होती. मी पुन्हा एकदा हात धुतले.