दोन मिसकॉल म्हणजे बंद

हे लिहावं की नाही, माझं अजून नीट ठरत नाही. कारण यात चूक माझी होती आणि ती मी घरात कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला. मोटारीच्या पेटीशेजारी एक लहान डबा, त्यात सिमकार्ड आणि लाईट गेली तरी चालणारी बॅटरी. त्या नंबरला फोन लावला की एक बाई बोलते. एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. मी तेव्हा नुकतीच जालन्याला कॉलेजात आले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. होस्टेलच्या गच्चीवरून मी पहिल्यांदा एक दाबलं. मग अप्पांना फोन लावला, तर त्यांनी तो मोसंबीच्या बागेत पाइपाच्या तोंडाशी धरला. पाणी वाटूरजवळच्या आमच्या शेतात पडत होतं आणि मला जालन्यात ऐकू येत होतं.   आम्ही दोघं नुसतं पाणी ऐकत राहिलो.

पुढे ते काम माझ्याकडेच आलं. अप्पांच्या साध्या फोनचं एक नंबरचं बटण दबत नाही, आणि विहीर बागेपासून लांब आहे. म्हणून ठरलं, त्यांचा एक मिसकॉल आला की चालू करायची, दोन आले की बंद करायची, किंवा बंदच ठेवायची.

विहिरीत उतरायचं असलं की अप्पांची एक जुनी पद्धत होती. पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे, रुमालात बांधायचे आणि ती गाठ कमरेला खोचून खाली उतरायचं. फ्यूज पेटीवर ठेवले तर कुणीही येऊन बसवील, असं ते म्हणायचे. डबा आल्यावर मी हसले होते.

"अप्पा, आता कशाला? मी तिकडून बंद केली म्हणजे बंद."

"बंद म्हंजे काढलेलं," ते म्हणाले होते.

"तुमचा मशीनवर भरोसाच न्हाई."

 मग दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना फ्यूज न काढताच विहिरीत उतरताना पाहिलं. मला वाटलं, शिकले. मला आनंद झाला होता. 

त्या आठवड्यात आमच्याकडे दिवसाची लाईट होती. मी प्रात्यक्षिकाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा फोनवर एक मिसकॉल दिसला. लगेच डब्याला फोन लावला, एक दाबलं आणि बाईचं पुढचं बोलणं न ऐकताच कापला. आत जर्नलवर सह्या चालू होत्या. तसंही मी ते कधीच शेवटपर्यंत ऐकत नसे.

पाच-सात मिनिटांनी काकूच्या फोनवरून आई बोलली.

"जेवलीस का गं?"

"जेवते आता. तू कुठंय?"

"काकूच्या हरभऱ्यात. बरं ऐक, अप्पा विहिरीत उतरलेत. मोटारीची जाळी साफ करून राह्यलेत. मोटार लावू नको बरं. दोन मिसकॉल दिल्ते त्यांनी, तरी म्हणले पोरीला सांगून ठिव."

मागून काकू हसत म्हणाली, "इचार, कलेक्टरीणबाईची परवानगी हाय का बापाला पाण्यात उतरायची!"

दोनातला एक मिसकॉल रेंजमध्ये हरवला होता.

"आई, मी लावली."

"काय लावली?"

"मोटार."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज झाला. मग काकूचा आवाज आला, "अगं, फोन टाकून ही पळाली कुठं?" आणि फोन कट झाला.

मी डब्याला फोन लावला, दोन दाबलं. या वेळी ऐकलं. ती बाई तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली, लाईट उपलब्ध नाही. पण लाईट होती. काकूच्या हरभऱ्यात मोटारीवर चालणारे तुषार सिंचनाचे फवारे फिरत असल्याचा टकटक आवाज मी आत्ताच फोनवर ऐकला होता. मग आमच्याच पेटीत का नाही? करंट नको तिथून गेला की फ्यूज उडतो, हे मला शाळेपासून पाठ होतं. त्यावर मला मार्क मिळाले होते.

अप्पांना फोन लावला. रिंग जात होती. मला माहीत होतं, फोन सदऱ्याच्या खिशात असणार आणि सदरा बाभळीला. विहिरीत तो ऐकू जात नाही. तरी मी लावत राहिले. रिंग संपली की पुन्हा. जिन्याच्या पायरीवर बसले होते. मैत्रिणीनं विचारलं, "काय झालं गं?" मी मान हलवली. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं वाटत होतं. सारखं एकच आठवत होतं. मीच म्हणाले होते, भरोसा न्हाई. मीच त्यांची सवय मोडली.

कितव्यांदा कोण जाणे, फोन उचलला गेला. आधी नुसती धाप ऐकू आली. मग आई लांबून म्हणाली, "हे धरा, बोला तिच्याशी."

"काय झालं गं?" अप्पांचा आवाज. "तुझी माय येड्यावानी पळत आली. चपला बी तिकडंच."

"अप्पा, फ्यूज..."

"हायत की कमरेला. का?"

मला रडू फुटलं. "दिवाळीत तर काढले नव्हते तुम्ही."

"तवा तू उभी होतीस की पेटीपाशी," ते म्हणाले. "मंग कशाला काढू?"

मी ओढणीनं तोंड पुसलं.

"जाळी बराबर साफ झाली. फ्यूज बसवतो. मी वर हाय, तुझी माय बी वर हाय. लाव आता."

"अप्पा, थोडं थांबा."

"थांबतो."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मिसकॉल दिला नाही, घाई केली नाही. मी बराच वेळ डब्याच्या नंबरकडे बघत बसले. मग लावला, एक दाबलं आणि त्या बाईचं सगळं बोलणं ऐकलं, ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागेपर्यंत.

अप्पांना फोन केला. पहिल्या दिवशीसारखाच त्यांनी तो पाइपाच्या तोंडाशी धरला. पाणी पडत होतं. थोडा वेळ मी ऐकलं, पण आज तेवढं पुरेना.

"अप्पा," मी ओरडले, "तुम्ही बोला ना काहीतरी."

"काय बोलू?" ते म्हणाले.